लुळ्या हाताला यंत्राचा आधार किती?

पक्षाघाताने लुळा पडलेला हात यंत्राच्या साहाय्याने पुन्हा हलू लागला, अशा वार्ता अलीकडे वारंवार वाचावयास मिळतात. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांच्या मनात त्यामुळे आशा उत्पन्न होणे स्वाभाविक आहे. परंतु आशेच्या पाठोपाठ खर्चही येतो. म्हणून या नव्या उपचारांनी काय साधते आणि काय साधत नाही, हे चाचण्यांच्या आधारे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

या उपचारांमागील तत्त्व समजण्यास कठीण नाही. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटला अथवा तेथे रक्तस्राव झाला म्हणजे त्या भागातील पेशी मरतात. मात्र आसपासच्या शाबूत पेशी नव्या जोडण्या करून गेलेल्या कामाचा काही वाटा उचलू शकतात. त्यासाठी तीच ती हालचाल शेकडो वेळा आणि स्वतःच्या प्रयत्नाने करावी लागते. एवढी मेहनत करवून घेण्यास माणसे अपुरी पडतात, तेथे यंत्र कामास यावे, या विचारातून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९९०च्या दशकाच्या आरंभी हाताला व्यायाम देणारा यंत्रमानव तयार झाला.

त्याची मोठी परीक्षा ब्रिटनमध्ये झाली आणि निष्कर्ष २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ७७० रुग्णांचे तीन गट केले होते. एकाला यंत्रमानवाकडून व्यायाम, दुसऱ्याला तेवढाच वेळ प्रशिक्षित व्यक्तीकडून व्यायाम आणि तिसऱ्याला केवळ नेहमीचे उपचार मिळाले. तीन महिन्यांनी हाताच्या कार्यक्षमतेत अपेक्षित सुधारणा दिसली ती अनुक्रमे ४४, ५० आणि ४२ टक्के रुग्णांत; म्हणजे गटागटांत निर्णायक असा फरक पडला नाही. यंत्रामुळे हाताची हालचाल काहीशी वाढली, परंतु घास घेणे, बटण लावणे यांसारख्या दैनंदिन कामांत तिचा लाभ दिसला नाही. माणसाने करवून घेतलेल्या व्यायामाचा मात्र तेथे काही लाभ दिसून आला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली १४१ रुग्णांवरील चाचणीही अशीच बोलकी आहे. पडद्यावरील व्हिडिओ खेळांनी हाताला जेवढा फायदा झाला, तेवढाच पत्त्यांसारख्या साध्या खेळांनीही झाला!

याचा अर्थ तंत्रज्ञान निरुपयोगी आहे असा नव्हे. मेंदूतून निघून मानेवाटे छाती-पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूला व्यायामाच्या नेमक्या क्षणी सौम्य विद्युत्स्पंद देण्याचा प्रयोग ब्रिटन व अमेरिकेत झाला. छातीच्या कातडीखाली उपकरण बसविलेल्या १०८ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांनाच खरे स्पंद दिले गेले. त्यांच्यापैकी ४७ टक्के रुग्णांत लक्षणीय सुधारणा आढळली. इतरांत हे प्रमाण २४ टक्के होते. २०२१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याच वर्षी उपकरणाला मान्यता दिली. पक्षाघात होऊन नऊ महिने ते दहा वर्षे लोटलेल्यांनाही सुधारणेची वाट मोकळी आहे, हे यातून सिद्ध झाले, ही मोठीच गोष्ट होय. तथापि स्पंद न मिळालेल्यांपैकीही जवळजवळ चौथा हिस्सा सुधारला, तो केवळ नेटाने केलेल्या व्यायामामुळे. दोन्ही गटांकडून तो व्यायाम प्रशिक्षित माणसांनीच सहा आठवडे करवून घेतला होता, हे विसरून चालणार नाही.

आपल्या देशात प्रश्न येथेच उभा राहतो. प्रशिक्षित माणसे अपुरी, तेव्हा कुटुंबीयांनाच शिकवावे, हा विचारही भारतात तपासला गेला आहे. १४ केंद्रांतील १,२५० रुग्णांवरील या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. कुटुंबीयांना शिकवूनही सहा महिन्यांनी मृत्यू वा परावलंबन यांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के, म्हणजे सारखेच राहिले. तेव्हा पत्नीवर वा सुनेवर भार टाकून व्यवस्थेला आपली जबाबदारी झटकता येणार नाही. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत रुग्णालयातून घरी परतल्यानंतरचा केवळ १५ दिवसांचा खर्च धरलेला आहे. हात सावरण्यास मात्र महिने लागतात. कमावता माणूस अंथरुणाला खिळलेल्या घराने पुढचे महिने कशाच्या बळावर काढावेत?

उद्या एखाद्या रुग्णालयाने यंत्रमानव खरेदी केला, तर उद्घाटनाचा सोहळा थाटाने पार पडेल. पण त्याच पैशात तालुक्याच्या गावी फिजिओथेरपिस्टची किती पदे भरता आली असती, हा हिशेब आधी मांडावयास हवा. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज व मद्रासची आयआयटी यांनी हाताच्या व्यायामासाठी ‘प्लूटो’ हे छोटेखानी यंत्र बनविले आहे. अशा साधनांचे स्वागतच केले पाहिजे. मात्र ती शिकलेल्या माणसाच्या हाताखाली असावीत, त्याच्या जागी नव्हेत. सरकारने पक्षाघातानंतरच्या व्यायामोपचाराला निदान सहा महिने विमासंरक्षण द्यावे आणि जिल्हा व तालुका रुग्णालयांतील पदे भरावीत. लुळ्या हाताला यंत्राचा आधार जरूर मिळावा, पण त्याआधी माणसाचा मिळाला पाहिजे.