विश्लेषण : साताऱ्याच्या इतिहासात कोयनेचे खोरे कुठे?

सातारा म्हटले की छत्रपतींची राजधानी आठवते. याच जिल्ह्यातील कोयनानगरचा इतिहास विचारला, तर उत्तर धरणापासून सुरू होते आणि ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाशी थांबते. खोऱ्याचा इतिहास खरोखर एवढाच आहे का?

सातारा हेच जिल्ह्यातील जुने शहर का?

नाही. कराड त्याहून कितीतरी जुने. मध्य प्रदेशातील भरहुत स्तूपाच्या सुमारे २१०० वर्षांपूर्वीच्या शिलालेखांत ‘करहाकट’ येथील दात्यांचा उल्लेख आहे. हे करहाकट म्हणजे आजचे कराड, असे अभ्यासक मानतात. जवळच्या आगाशिव डोंगरात बौद्ध लेणी आहेत. कृष्णा आणि कोयना येथे मिळतात. इथून पाटण, हेळवाक, कुंभार्ली घाटमार्गे चिपळूणला उतरता येते. कोयनानगर याच वाटेवर आहे.

मग सातारा शहर कसे वसले?

आधी किल्ला, मग शहर. अजिंक्यताऱ्याची उभारणी शिलाहार राजा दुसरा भोज याच्या नावावर सांगितली जाते. १६७३ मध्ये किल्ला शिवाजी महाराजांकडे आला. १७०० मध्ये तो औरंगजेबाने घेतला; नंतर मराठ्यांनी परत मिळवला. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहू महाराजांचा राज्याभिषेक येथे झाला आणि पायथ्याशी शाहूनगर वाढले. म्हणजे शहराचे वय जेमतेम तीन शतकांचे.

राजधानीचा कोयना खोऱ्याशी संबंध काय?

खोऱ्यातील गर्द जंगलातला वासोटा हा तुरुंगाचा किल्ला म्हणून ओळखला जाई. पेशवाईच्या अखेरीस छत्रपती प्रतापसिंहांच्या कुटुंबीयांना तेथेच ठेवले होते. १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा चढवून तो घेतला.

जिल्हा कधी झाला?

१८४८ मध्ये डलहौसीने दत्तक वारस नाकारून सातारा संस्थान खालसा केले. त्यानंतर तो इंग्रजांचा जिल्हा झाला. १९४९ मध्ये संस्थाने विलीन झाल्यावर उत्तर आणि दक्षिण सातारा असे दोन भाग पडले. १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली झाले. तासगाव, वाळवा, शिराळा तिकडे गेले. पाटण आणि कोयना इकडे राहिले. ही सीमा कागदावरची. नदी मात्र कराडला कृष्णेला मिळून पुढे सांगलीलाच जाते.

आज याचे महत्त्व काय?

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली अनेक गावे गेली. माणसे सोलापूर, रायगड, ठाणे अशा दूरच्या जिल्ह्यांत पांगली. अनेकांचे पुनर्वसनाचे प्रश्न दोन-तीन पिढ्यांनंतरही सुटलेले नाहीत. राजधानीचा इतिहास बखरींत आणि दप्तरांत राहिला. बुडालेल्या गावांची शिवारे, पाणवठे, ग्रामदैवते आणि वाटा यांची आठवण मात्र म्हाताऱ्या माणसांच्याच तोंडी आहे.

ती लिहून घेण्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. ग्रामपंचायती, शाळा आणि महाविद्यालयांनी ठरवले, तर हातातल्या मोबाइलवरही ध्वनिमुद्रण होते. गाव उठले तेव्हा जाणत्या वयात असलेले आज ऐंशीच्या आसपास आहेत. त्यामुळे हे काम पुढच्या वर्षावर ढकलण्यासारखे नाही.