विचारणारे आणि सांगणाऱ्या

दिवाळी अंक हातात आला की आपल्यापैकी बऱ्याच जणी आधी मुलाखतींची पानं उघडतात. मीही उघडते. कथा-कविता मग सावकाश. लेखिका पहाटे किती वाजता उठते, गायिकेने रियाज आणि मुलांच्या शाळा कशा सांभाळल्या, नटीला सासरच्यांनी काम करू दिलं का, हे वाचताना ती बाई आपल्या ओळखीची झाल्यासारखी वाटते. पण या प्रश्नांना उत्तरं देताना तिला स्वतःला काय वाटलं असेल, हे सहसा आपल्या मनात येत नाही. प्रसिद्धी मिळतेय, आणखी काय हवं, असं आपण धरून चालतो.

गेली काही वर्षं मी प्रसिद्ध बायकांनी मुलाखतींबद्दल जे म्हटलं आहे ते लक्ष ठेवून वाचते आहे. त्याला कारण आमच्या केंद्रातलं काम आहे. त्याकडे येतेच, पण आधी या बायकांचं म्हणणं.

डोरिस लेसिंगबाईंना ऑक्टोबर २००७ मध्ये नोबेल पारितोषिक जाहीर झालं तेव्हा त्या ८७ वर्षांच्या होत्या. लंडनमधल्या आपल्या घरी टॅक्सीने परतल्या तर दारात कॅमेरे. बातमी त्यांना वार्ताहरांकडूनच कळली. तोंडून निघाला तो वैतागाचा उद्गार, आणि मग बाई घराच्या पायरीवर बसून उत्तरं देऊ लागल्या. जगाला या म्हातारीचं फार कौतुक वाटलं. पुढच्याच वर्षी त्यांनी रेडिओवर सांगितलं की हे पारितोषिक म्हणजे एक संकटच होऊन बसलं. मुलाखती देणं आणि फोटो काढून घेणं एवढंच चालू आहे, लिहिणं थांबलं. पोलंडच्या कवयित्री विस्वावा शिंबोर्स्का यांचीही तीच गत. १९९६ साली त्यांना नोबेल मिळालं, आणि त्यानंतरच्या गदारोळाला त्यांच्या मित्रमंडळींनी थट्टेने नाव ठेवलं ‘स्टॉकहोमची शोकांतिका’. पुढचा कवितासंग्रह यायला २००२ साल उजाडलं.

वेळ जातो, काम अडतं, ही तक्रार पुरुष लेखकही करतील. बायकांच्या बोलण्यात त्याहून वेगळं काहीतरी सापडतं. प्रश्न विचारला जातो तेव्हाच ती बाई कोण आहे हे ठरवून टाकलेलं असतं. उत्तर देण्याआधी तिला त्या ठरवण्याशी भांडावं लागतं.

सानिया मिर्झाचं उदाहरण पुष्कळ जणींना आठवत असेल. २०१६ साली तिचं आत्मचरित्र आलं, तेव्हा ती दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर होती. एका नावाजलेल्या पत्रकाराने तिला दूरदर्शनच्या पडद्यावर विचारलं की आता स्थिरस्थावर कधी होणार, मातृत्वाचं काय? ती म्हणाली, मी स्थिरावलेली नाही असं तुम्हाला वाटतं का? आणि जगात पहिली असण्याऐवजी मी आई होणं निवडत नाही याने तुम्ही निराश झालेले दिसता. त्या पत्रकाराने तिथल्या तिथे माफी मागितली, हे त्याच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. २०१७ च्या विश्वचषकाच्या तोंडावर आपल्या संघाची कर्णधार मिताली राज हिला कोणीतरी विचारलं, तुझा आवडता पुरुष क्रिकेटपटू कोण? तिने उलट विचारलं की पुरुष खेळाडूंना तुम्ही त्यांची आवडती महिला क्रिकेटपटू कोण, असं कधी विचारता का?

विचारणारी बाई असली म्हणजे हे होत नाही, असंही समजू नका. टोनी मॉरिसन या अमेरिकेतल्या काळ्या लेखिकेला, तीही नोबेल मिळाल्यानंतर, १९९८ साली ऑस्ट्रेलियन टीव्हीवर एका मुलाखतकार बाईनेच विचारलं होतं की तुमच्या पुस्तकांत गोऱ्यांच्या जगण्याला मोठी जागा कधी देणार? मॉरिसनबाई शांतपणे म्हणाल्या की हा प्रश्न किती वंशवादी आहे हे तुम्हाला कळतच नाहीये. गोऱ्या लेखकाला तुम्ही काळ्यांवर कधी लिहिणार, असं विचारलं नसतं. दलित लेखिकांना आपल्याकडच्या व्यासपीठांवर काय काय विचारलं जातं ते ऐकलेल्या मैत्रिणींना यात नवल वाटणार नाही.

या सगळ्या बायकांना उलट उत्तर देता आलं. कारण त्यांच्या पाठीशी नाव होतं, भाषा होती, आणि कॅमेरा चालू होता. उत्तरच द्यायचं नसेल तर काय होतं, ते नाओमी ओसाकाला विचारावं. ही जपानची टेनिसपटू, मे २०२१ मध्ये २३ वर्षांची, चार मोठ्या स्पर्धा जिंकलेली. फ्रेंच खुल्या स्पर्धेआधी तिने जाहीर केलं की सामन्यानंतरच्या पत्रकार परिषदांना मी येणार नाही, त्याने मनावर परिणाम होतो. पहिला सामना जिंकून ती परिषदेला गेली नाही. १५,००० डॉलर दंड झाला. चारही मोठ्या स्पर्धांच्या संयोजकांनी मिळून बजावलं की असंच चाललं तर स्पर्धेतून बाद करू, पुढच्या स्पर्धांतही बंदी येऊ शकेल. तिने माघार घेतली आणि २०१८ पासून आपण नैराश्याशी झगडतो आहोत हे जगाला सांगितलं. म्हणजे प्रश्न टाळता यावेत यासाठी तिला आपल्या आयुष्यातलं सर्वात खाजगी उत्तर चव्हाट्यावर मांडावं लागलं. गुडघा दुखावला असता तर एवढं सांगावं लागलं नसतं.

इटलीच्या एलेना फेरांतेने तर सुरुवातीपासूनच अट घातली होती. पहिली कादंबरी १९९२ ची. ती यायच्या आधीच तिने प्रकाशकांना कळवलं होतं की पुस्तक लिहिलं, आता त्याच्यासाठी मी आणखी काही करणार नाही. नाव टोपण, चेहरा नाही, मुलाखत दिली तर लेखी. पंचवीसेक वर्षं तिने हे निभावलं. २०१६ साली एका शोधपत्रकाराने प्रकाशनसंस्थेकडून कोणाला किती पैसे गेले, कोणी कुठे घर घेतलं, याचे कागद धुंडाळून एक नाव छापलं. एवढी लोकप्रिय लेखिका कोण हे जाणून घेण्याचा वाचकांना हक्कच आहे, असं त्याचं म्हणणं. जणू तिने कर बुडवला होता! ती खरी कोण याच्याशी मला कर्तव्य नाही. तिच्या ‘नाही’चं काय झालं, याच्याशी आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो. नाव हवं, पैसा हवा, मग प्रश्न का नकोत? सिनेमा आला की हीच मंडळी वाहिन्यांच्या दारी रांग लावतात. हे अर्धं खरं आहे. शिवाय आजकाल बडे लोक पत्रकारांना टाळून आपलेच व्हिडिओ काढतात, नाहीतर गोडगोड विचारणाऱ्यालाच बोलावतात, तेही आपण पाहतो. मंत्री, कुलगुरू, पोलीस अधिकारी, कारखानदार यांनी पत्रकारांना नकार देणं आणि ओसाकाने देणं हे मी एका मापाने मोजणार नाही. ज्याच्या सहीने दुसऱ्यांची आयुष्यं बदलतात त्याने उत्तर दिलंच पाहिजे, आणि ते काढून घेणाऱ्या पत्रकारांच्या मागे आपण उभं राहिलं पाहिजे. पण गंमत बघा. जो प्रश्न मंत्र्याला विचारायचा धीर होत नाही, तो बाईला विचारायला मात्र कोणाची जीभ अडत नाही.

आता सांगणाऱ्या आणि लिहून घेणारे यांच्याबद्दल. मराठीत याचं एक फार चांगलं उदाहरण आपल्याकडे आहे. हंसा वाडकर यांचं ‘सांगत्ये ऐका’. हंसाबाईंनी सांगितलं, अरुण साधू या तेव्हाच्या तरुण पत्रकाराने शब्दांकन केलं, ‘माणूस’मधून ते आधी आलं आणि १९७० साली पुस्तक झालं. पुढच्याच वर्षी हंसाबाई वारल्या. १९७७ चा श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ याच पुस्तकावर बेतलेला. पुस्तकाचं नाव त्यांच्या १९५९ च्या गाजलेल्या सिनेमाचंच, पण ते चपखल बसलं आहे. लग्न, दारू, पुरुष, पडद्यावरचं काम, सगळं त्या बोलत जातात. विचारणारा पुस्तकात कुठे मध्ये येत नाही. तो त्यांना सती करत नाही, कुलटाही करत नाही. त्या काळी एका तमाशापटांतल्या नटीचं बोलणं उपदेशाचं पालुपद न लावता छापलं गेलं, ही लहान गोष्ट नव्हे. काय ठेवायचं, काय गाळायचं, हे दोघांत कसं ठरलं ते मात्र वाचकाला कळत नाही. ते कळायला हवं होतं, असं मला राहून राहून वाटतं.

फूलनदेवीच्या बाबतीत ते कळतं. १९८३ साली भिंडला ती शरण आली तेव्हापासून वार्ताहर तिच्या मागे होते. अकरा वर्षं तुरुंगात काढून १९९४ साली ती सुटली, आणि त्याच वर्षीच्या ‘बँडिट क्वीन’ या सिनेमाविरुद्ध तिला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. माझ्यावरचे बलात्कार मला न विचारता पडद्यावर मांडले, ही तिची तक्रार होती. ती जिवंत होती, बोलत होती, तरी तिची गोष्ट तिला वगळून पुढे निघून गेली होती. १९९६ साली तिचं आत्मकथन फ्रान्समध्ये निघालं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिचं बोलणं टेप करून, उतरवून, मजकूर तयार झाल्यावर तो तिला वाचून दाखवला गेला आणि तिच्या सहीने मान्य करून घेतला गेला. निरक्षर बाईलाही तिचं छापील बोलणं तपासता येतं, त्यासाठी फक्त कोणीतरी वाचून दाखवायला बसावं लागतं. आपल्याकडच्या कुठल्याही गावात हे करता येईल.

आणि आता आमचं केंद्र. ८ मार्च किंवा २५ नोव्हेंबर जवळ आला की फोन सुरू होतात. “मॅडम, एखादी चांगली केस आहे का?” चांगली केस म्हणजे बाई तरुण हवी, मार भरपूर खाल्लेला हवा आणि शेवट गोड हवा. चेहरा धूसर करू, नाव बदलू, असं आश्वासन मिळतं. पण चेहरा गेला तरी दारावरचा रंग राहतो, साडी राहते, बोलण्याची ढब राहते. गल्लीला तेवढं पुरतं. बलात्काराच्या गुन्ह्यात बाईची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे; पूर्वी भारतीय दंड विधानाचं कलम २२८-अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे. पण नवऱ्याने मारलेल्या, टाकून दिलेल्या बाईला ते कलम लागत नाही. तिच्या बाबतीत आडवं कोण येणार? आपणच.

एकदा अशीच विचारणा आली तेव्हा एका बाईने मला बाजूला घेऊन विचारलं, “ताई, नाही म्हटलं तर माझ्या केसचं काम थांबंल का हो?” समाजकार्याच्या शिक्षणात गोपनीयता आणि संमती हे शब्द पहिल्याच वर्षी पाठ होतात. पण पोटगीच्या अर्जावर जिची सही आमच्या टेबलावर झाली, ती आमच्यासमोर ‘हो’ म्हणते तेव्हा ती संमती किती आणि भिडेचा भाग किती, हे कुठल्या पुस्तकात नाही. ओसाकाला नकारासाठी दंड भरावा लागला. या बाईला वाटत होतं की तिला नवऱ्याकडे परत जाऊन तो भरावा लागेल.

आणि विचारणारे फक्त पत्रकारच असतात असं कुठे आहे? आपल्या संस्थांच्या अहवालांतल्या ‘यशोगाथा’ बघा. देणगीदारांच्या पाहुण्यांसमोर बायकांना उभं करून त्यांच्याकडून ‘आधी’ आणि ‘नंतर’ वदवून घेतलं जातं. चळवळीत आम्ही बोलत्या झालो, एकमेकींचं ऐकून शहाण्या झालो, हे खरंच आहे. पण तिथे विचारणारीही आपली गोष्ट सांगायची. पाहुण्यांपुढे ती देवाणघेवाण नसते.

सध्या आम्ही असं करतो. केस चालू असेपर्यंत कुठल्याही वार्ताहराची विचारणा त्या बाईपर्यंत नेतच नाही, नकार केंद्राच्या नावाने देतो. केस संपल्यावर जिला बोलायचं असेल तिच्यासाठी प्रश्न आधी लिहून मागतो आणि ते तिला वाचून दाखवतो. नको तो प्रश्न तिने खोडायचा. छापायच्या आधी मजकूर फोनवर तरी वाचून दाखवावा, असं सांगतो. बरेच वार्ताहर म्हणतात की आमच्याकडे अशी पद्धत नाही. काही फोन ठेवून देतात. एका जिल्हा वृत्तपत्रातल्या मुलीने मात्र अर्धा तास बसून सगळं वाचून दाखवलं. त्या बाईने दोनच बदल सुचवले. ‘पीडिता’च्या जागी ‘शिवणकाम करणारी’ घाला म्हणाली, आणि सासूने तिला दवाखान्यात नेलं होतं ते गाळलंय, ते घाला. दुसरा बदल आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आला नसता.

नियम अजून कच्चे आहेत. वाहिन्यांच्या थेट प्रक्षेपणाचं काय करायचं, मोर्चात एखादीला गाठून तोंडापुढे माईक धरला तर काय, यावर आमच्यात एकमत झालेलं नाही. बोलू द्यावं असं मानणाऱ्याही आहेत, आणि त्यांचं म्हणणं मला सहज खोडता येत नाही. तुमच्या गटांत याबाबत काय पद्धत आहे ते कळवा. नमुना पत्र हवं असेल तर आमचं पाठवू.