देव शिक्षा करतो, असे म्हणण्यापूर्वी



गेल्या आषाढीला वाखरीच्या मुक्कामी आमच्या दिंडीच्या राहुटीत कीर्तन चालले होते. बुवांनी एक दृष्टांत दिला. एका बाईने वारी चुकवली आणि त्याच वर्षी तिच्या घरचा तरणा मुलगा गेला. "देव कुणाचे ठेवत नाही, शिक्षा करतोच," असे म्हणून त्यांनी नामाचा गजर सुरू केला. आम्ही टाळकऱ्यांनी टाळ उचलले. मीही मान डोलावली. गजर संपला तेव्हा लक्षात आले, की आमच्याच दिंडीतली एक बाई उठून बाहेर गेली आहे. आदल्या वर्षी सासू अंथरुणाला खिळली म्हणून ती वारीला आली नव्हती. त्याच पावसाळ्यात तिचा मुलगा मोटारसायकलवरून पडून वारला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तुळशीवृंदावन डोक्यावर घेतले नाही. "माझ्या हातची तुळस देवाला चालेल का?" एवढेच बोलली.

बुवांनी तिच्याकडे पाहून ते म्हटले नसेल. पण हे वाक्य एकट्या बुवांचे नाही, तुमचे-माझेही आहे. कुणाच्या अंगावर कोड उठले, कुणाचे शेत वाहून गेले, कुणाची लेक बाळंतपणात गेली, की आपण पारावर बसून म्हणतो, "कुठल्या तरी पापाची शिक्षा."

आपण हा शब्द फार स्वस्त केला आहे. शिकणे, शिक्षण, शिक्षक आणि शिक्षा ही सगळी एकाच घरची मंडळी. सहा वेदांगांपैकी एकाचे नाव शिक्षा, म्हणजे उच्चार शिकवणारे शास्त्र. हिंदीत आजही शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत तो शब्द छडीकडे आणि तुरुंगाकडे गेला. तरी त्याची मूळची अट सुटलेली नाही. ज्याला शिक्षा करायची त्याला त्याचा दोष कळला पाहिजे, आणि पुढे नीट वागायची वाट त्याला मोकळी राहिली पाहिजे. आता सांगा, त्या बाईचा दोष कोणता? सासूची सेवा? आणि दोष आईचा धरला, तर जीव मुलाचा का जावा? एकाच्या चुकीसाठी दुसऱ्याला मारणे याला कुठल्याही गावात न्याय म्हणत नाहीत. मग तेच आपण देवाच्या नावावर कसे खपवतो?

आणि तो देव कोणता? पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता. देव स्वतः दारी आला, तर त्याने वीट पुढे सारली आणि थांबायला सांगितले. देव रागावला नाही. विटेवर उभा राहिला. ती सेवा पाहून जो थांबला, त्यालाच भेटायला आपण पायी जातो. सासूच्या उशाशी बसलेल्या बाईवर तोच देव कोपला, असे म्हणणाऱ्याने पंढरीची कथा ऐकलीच नाही.

आपल्या संतांनी शिक्षा भोगल्या. विठ्ठलपंत संन्यास सोडून गुरूच्या आज्ञेने संसारात परतले, म्हणून आळंदीने त्यांना वाळीत टाकले आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितले. शब्द बघा. प्रायश्चित्त हे स्वतः घ्यायचे असते. इथे ते दुसऱ्यांनी लादले. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई गेली. जो मेला तो काय शिकणार? मुलांची तरी सुटका झाली का? शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठणला जावे लागले. त्याच ज्ञानोबांनी पुढे पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांचा वाकडेपणा जावा एवढेच मागितले. माणसाला वाळीत टाकू नये म्हणून या राज्याला २०१६ साली कायदा करावा लागला, हे ज्ञानोबांना माउली म्हणणाऱ्या आपल्याला लाजेचे वाटले पाहिजे.

तुकोबांचे पाहा. त्यांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावणाऱ्या रामेश्वरभट्टांच्या अंगाचा पुढे दाह होऊ लागला, असे परंपरा सांगते. "बरी शिक्षा झाली," असे म्हणायला तुकोबांना याहून चांगली संधी नव्हती. त्यांनी ते म्हटले नाही. त्यांच्याच शब्दाने तो दाह शमला. रामेश्वरभट्ट त्यांचे शिष्य झाले, आणि आपण म्हणतो ती तुकोबांची आरती त्यांच्याच नावावर आहे.

कुणी विचारील, मग चोराला सोडून द्यायचे का? मुळीच नाही. त्याला न्यायालय शिक्षा करील. तिथे आरोप सांगावा लागतो, पुरावा लागतो, बाजू मांडायला वकील मिळतो, वर अपील करता येते. देवाच्या नावाने आपण जी शिक्षा सुनावतो तिथे यातले काय असते? आणखी कुणी म्हणेल, मग कर्माचा सिद्धांत खोटा का? खोटा नाही. पण तो आपले खाते तपासायला दिला आहे, शेजाऱ्याचे वाचायला नाही. माझ्या दुःखात मी माझे कर्म शोधीन. तुमच्या दुःखात मला फक्त तुमच्याजवळ बसायचे आहे.

म्हणून बुवांना हात जोडून विनंती, की हा दृष्टांत सोडा. भीती घालून माणूस एखादी वारी करील, पण देवाला आई म्हणणार नाही. आणि माउली, तुम्हाला विनंती, की पुढच्या वेळी असे वाक्य कानी आले तर टाळ उचलू नका. मी उचलला होता. त्या सकाळी मी त्या बाईची क्षमा मागितली. "असू द्या माउली," एवढेच ती म्हणाली आणि तुळशीवाचून रिकाम्या डोक्याने पंढरपूरपर्यंत चालली. या वर्षी ती आली, तर वृंदावन तिच्या डोक्यावर ठेवायला आपणच पुढे झाले पाहिजे.

राम कृष्ण हरी.