ज्योत हलते, थरथरत नाही

दारे-खिडक्या बंद असल्या, पंखा थांबवलेला असला, तरी समईची ज्योत अगदी स्थिर अशी फार वेळ राहत नाही. जरा डावीकडे कलते, सावरते, उंच होते, पुन्हा खाली बसते. पुढच्या क्षणी ती काय करील हे कोणालाच सांगता येणार नाही; तरी तिचे हलणे कधी विचित्र वाटत नाही. संगणकावर चलच्चित्रे तयार करणाऱ्यांना मात्र हीच साधी गोष्ट जड गेली.

ज्योत इथून तिथे न्यायला सांगितली की संगणक ती बिनचूक नेतो, आणि तशीच परत आणतो. दोनदा पाहिले की ही यंत्राची करामत आहे हे लहान मूलही ओळखते. मग सुचतो तो उपाय असा, की जागा नशिबावर सोडावी. प्रत्येक चित्रासाठी फासा टाकायचा आणि पडेल त्या आकड्यावर ज्योत ठेवायची. पण टी.व्ही.वर सेकंदाला २५ चित्रे सरकतात. म्हणजे सेकंदाला २५ उड्या! ज्योत बिचारी हुडहुडी भरल्यासारखी थरथरते. खरी ज्योत आता जिथे आहे तिथूनच पुढे कलते. फाशाला मागचे दान आठवत नाही, सारा घोळ तिथेच आहे.

यावर तोड काढली ती अमेरिकेतील केन पर्लिन यांनी. १९८२ साली आलेल्या ‘ट्रॉन’ चित्रपटाची काही संगणकीय दृश्ये ज्या कंपनीने केली, तिथे ते काम करत. त्या काळच्या संगणकीय चित्रांतला गुळगुळीत, यांत्रिकपणा त्यांना खटकत होता. १९८३ मध्ये त्यांनी एक रीत बसवली आणि १९८५ मध्ये शोधनिबंधात ती जगापुढे ठेवली. सारख्या अंतरावर खुणा मानायच्या. प्रत्येक खुणेपाशी चढ असावा की उतार, हे नशिबाने ठरवायचे. दोन खुणांमधली वाट मात्र कुठेही खाच न पडता जोडून घ्यायची. सुरुवातीला संगमरवराच्या रेषा, ढग, धूर यांसाठी ती वापरात आली. खुणा जागेऐवजी काळावर मांडल्या, की तिच्यातूनच हालचाल मिळते. या कामगिरीबद्दल पर्लिन यांना १९९७ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार लाभला.

‘आफ्टर इफेक्ट्स’ या सॉफ्टवेअरमधली ‘विगल’ ही आज्ञा याच घराण्यातली. तिला मुख्यतः दोन आकडे द्यावे लागतात: सेकंदाला किती वेळा हलायचे आणि किती दूरवर. २ आणि ३० लिहिले, तर वस्तू सेकंदाला सुमारे दोनदा, मूळ जागेपासून तीसेक ठिपक्यांच्या आत डुलते. पिंपळाचे पान हवे असेल, तर मोठ्या संथ झोक्यावर एक बारीक, जलद सळसळ चढवायची. शंभर पाने असली तर प्रत्येकाचा झोका वेगळा हवा, नाहीतर झाडाऐवजी शाळेतली कवायत दिसू लागते. नवशिके मात्र आज्ञा सापडली की सगळेच हलवत सुटतात, अगदी वाचायची अक्षरेसुद्धा. वाचणाऱ्याच्या डोळ्यांचे काय होते ते त्यांनाच विचारावे.

हाताने चित्रे काढणाऱ्यांची अडचण नेमकी उलटी होती. तीच आकृती पुन्हापुन्हा काढताना रेघ थोडी हलतेच, आणि ती हलू नये म्हणून चित्रकार जिवाचा आटापिटा करत. १९७४ मध्ये ब्रिटिश टी.व्ही.वर आलेल्या बॉब गॉडफ्रे यांच्या ‘रूबार्ब’ या कुत्र्याच्या मालिकेने मात्र ती उकळणारी रेघ मुद्दाम तशीच ठेवली, आणि तीच तिची ओळख बनली.

संगणकाच्या या नशिबात आणखी एक गंमत आहे. ते खरे नशीब नसतेच. पर्लिन यांच्या रीतीत २५६ आकड्यांची एक विस्कटलेली यादी असते. २००२ मध्ये त्यांनी स्वतः सुधारून दिलेल्या आवृत्तीत ती १५१, १६०, १३७ अशी सुरू होते. यादी तीच, म्हणून हलणेही तेच. सोमवारी पाहिलेली ज्योत मंगळवारी त्याच क्षणी, तेवढीच कलते. हे बरेच आहे. नाहीतर गिऱ्हाइकाने पसंत केलेले दृश्य अंतिम प्रतीत भलतेच निघाले असते. वेगळे हलणे हवे असेल तर सुरुवातीचा आकडा बदलायचा. सात लिहून पाहावे, मग आठ, मग चाळीस. ज्योत मनासारखी कलू लागली की तो आकडा तसाच राहू द्यायचा.