शाळेत पायी या

लांब जायला आपल्या मुकुंदवाडीत रेल्वे स्टेशन आहे. पण शाळा तर जवळच आहे! तरी पुष्कळ मुले मोटारसायकलवर येतात. पालक म्हणतात, रस्त्यावर गाड्या फार. पण शाळा सुटताना फाटकापाशी ज्या गाड्या असतात, त्या आपल्याच ना?

पैठणहून एकनाथ महाराजांची पालखी दर आषाढीला पंढरपूरला जाते. तिच्यात म्हातारी माणसंसुद्धा पायी चालतात. गांधीजी १९३० साली ६० वर्षांचे होते, तरी दांडीला चालत गेले. मग आपण का नाही?

मला वाटते, एका गल्लीतल्या मुलांनी मिळून यावे. जालना रोड ओलांडायला एक मोठे माणूस सोबत असावे. आईबाबा, पाळी लावा. तुमचंही चालणं होईल!

— इयत्ता चौथी