जुन्या जीपगाडीची पारख

बैलबाजारात उभा असलेला शेतकरी केवळ रंग पाहून बैलाचे दावे हाती घेत नाही. तो दात पाहतो, खूर तपासतो, बैल चार पावले चालवून पाहतो आणि मगच किमतीची बोलणी करतो. तोच शेतकरी जुनी जीप घ्यावयास गेला म्हणजे मात्र ताजा रंग व रुंद टायर पाहून विसार देऊन मोकळा होतो. ही विसंगती दूर होणे अगत्याचे आहे. चुकीच्या बैलाने एक हंगाम बुडतो. चुकीच्या गाडीने कित्येक वर्षांची शिल्लक बुडते.

चारही चाकांना ओढ देणारी जीप दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी निर्माण झाली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने विलीज जीपची जोडणी मुंबईत सुरू केली आणि पुढे ही गाडी खेडोपाडी स्थिरावली. कोकणातील चढाच्या वाटा किंवा पावसाळ्यातील काळ्या रानाचा चिखल येथे तिचा उपयोग निर्विवाद आहे. परंतु ज्याच्या शेतापर्यंत बारमाही पक्का रस्ता आहे, त्याने ती घेणे म्हणजे जादा यंत्रणा विनाकारण पोसणे होय. वर्षातून किती दिवस चारही चाकांची ओढ लागणार, हा हिशेब प्रथम मांडावा. असे दिवस मोजकेच असतील, तर शेजाऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने घेणे स्वस्त पडेल.

गरज खरी असल्यास पाहणी सांगाड्यापासून सुरू करावी. गाडीखाली शिरून चासीला तडे, जोड किंवा गंज आहे काय, विशेषतः पाट्यांच्या कमानी बसविलेल्या जागी, हे पाहावे. समुद्रकाठी राहिलेल्या गाडीस गंजाचे भय अधिक. इंजिन दुरुस्त होते. कुजलेला सांगाडा मात्र सहसा परवडत नाही.

पुढील चाकांची ओढ खरोखर चालू आहे काय, हे विक्रेत्याच्या शब्दावर सोडू नये. सपाट जागी इंजिन बंद करून, हातब्रेक ओढून व मागील दोन्ही चाकांस पुढून-मागून दगड लावून, पुढील एक चाक जॅकने उचलावे. गाडी दोन चाकांच्या ओढीवर असताना ते हाताने फिरते. दांडा चार चाकांच्या ओढीवर टाकून, पुढील हब असल्यास तेही जोडले, म्हणजे थोडी ढिलाई वगळता ते फिरता कामा नये. फिरलेच, तर यंत्रणेत कोठेतरी खंड आहे. या तपासणीत कोणीही गाडीखाली जाऊ नये. अशा जुन्या जीपगाड्यांत कोरड्या डांबरी रस्त्यावर चार चाकांची ओढ वापरल्यास यंत्रणेवर ताण येतो, हेही ध्यानी ठेवावे.

इंजिन थंड असतानाच सुरू करण्याचा आग्रह धरावा. निळसर धूर हे तेल जळत असल्याचे लक्षण होय. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे असे समजावे.

कागदपत्रांकडे होणारे दुर्लक्ष याहूनही महाग पडते. चासी व इंजिन यांवरील क्रमांक नोंदणीपुस्तकाशी स्वतः पडताळावेत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. ती तपासणीनंतर ५ वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. जुने कर्ज फिटले असले तरी त्याची नोंद उतरविली आहे काय, हे पाहावे. नमुना २९ व ३० वर सह्या झाल्यावाचून पूर्ण रक्कम देऊ नये. सरकारी लिलावातील जीपची जुनी वाटही आता अरुंद झाली आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांपुढील सरकारी वाहनांची नोंदणी चालू राहत नाही व ती भंगारातच काढावी लागतात.

विकणाऱ्यानेही निश्चिंत राहू नये. गाडी दुसऱ्याच्या ताब्यात गेली, तरी नोंदणी ज्याच्या नावे आहे त्याच्यावरच अपघाताच्या भरपाईची जबाबदारी येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. तसेच खासगी नोंदणीची जीप वडापास लावून हप्ते फेडण्याचा बेत कोणी करू नये. अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करू शकते आणि भरपाईपोटी जमीन विकण्याची पाळी येऊ शकते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या कामी पुढाकार घ्यावा. खरेदीपूर्वी माहितगार मिस्त्रीस सोबत नेण्याचा सल्ला द्यावा आणि किमतीच्या निदान चौथाईइतकी रक्कम दुरुस्तीसाठी बाजूस ठेवावयास सांगावे. तेवढी शिल्लक उरत नसेल, तर ती गाडी त्या शेतकऱ्याच्या ऐपतीबाहेरची आहे, हे स्पष्ट बोलण्यात संकोच नसावा. जीप ही शेतीची चाकर म्हणून दारी यावी. तिच्या दुरुस्तीसाठी शेती राबू लागली, तर तो व्यवहार फसलाच म्हणावयाचा.