शांतता आणि शांती: बदलापूर-अंबरनाथ-उल्हासनगरकरांशी थोडं मनातलं

राम राम, जय भीम, झुलेलाल, सलाम आणि जय ख्रिस्त. आपल्या पट्ट्यात कोणाला काय म्हणावं हा प्रश्नच आहे, म्हणून सगळंच म्हणून घेतो. पोस्ट मोठी आहे. गाडी लेट असेल तर आताच वाचा, नाहीतर रविवारी सवडीने वाचा.

आपल्याकडे सणवार आले की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. दवाखान्यात, वाचनालयात, कोर्टात 'शांतता राखा' अशी पाटी असते. ही शांतता म्हणजे आवाज नसणं. ती राखता येते, लाठीच्या जोरावरही राखता येते. शांती ही वेगळी गोष्ट. ती आतून यावी लागते. मराठीने हे दोन शब्द वेगळे ठेवलेत, पण आपण बोलताना त्यांची सरमिसळ करतो आणि मग गडबड होते. आजची पोस्ट त्या गडबडीवर आहे.

आधी आपली परिस्थिती बघा. उल्हासनगर वसलं तेच फाळणीत घरदार सुटलेल्या माणसांनी. लष्कराच्या कल्याण कॅम्पातल्या बराकींमध्ये सिंधी कुटुंबं राहिली आणि १९४९ साली त्याला 'उल्हासनगर' हे नाव मिळालं. सगळं गमावलेल्यांच्या गावाला उल्हासाचं नाव! अंबरनाथला शिवमंदिर जवळजवळ हजार वर्षांचं आणि त्याच्या आसपास कारखाने. त्यातले किती चालू, किती बंद, हे तिथल्या चहाच्या टपरीवाल्याला विचारा. बदलापूरला मुंबईत घर न परवडणारा माणूस आला. स्टेशनपासून सीएसएमटी ६८ किलोमीटर. पहाटे डबा घेऊन निघायचं, रात्री पोरं झोपल्यावर परत यायचं. हप्ता बँकेचा, गुडघे आपले.

वर पाणी. २६ जुलै २००५ विसरलेला माणूस आपल्याकडे सापडणार नाही. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, हजारावर माणसं आत. आणि मग २०२४ चा ऑगस्ट. शाळेत जाणाऱ्या दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचं समोर आलं आणि २० ऑगस्टला लोक रुळावर उतरले. कित्येक तास गाड्या बंद. त्या दिवशी मोबाईलवर एक वाक्य सारखं फिरत होतं, 'शांतता राखा'.

मी मराठी ख्रिस्ती आहे. आमच्या घरात बायबलही आहे आणि पुरणपोळीही. म्हणून त्या दिवसांत ओळखीचे बरेच जण मला विचारत, "तुमच्यात शांतीवर फार बोलतात ना? मग आता काय म्हणता?" प्रश्न टोमण्याचा असला तरी बरोबर होता. त्याला नीट उत्तर द्यायचं म्हणून हे लिहितोय.

पहिली गोष्ट आमच्याच लोकांसाठी. आपल्या तिन्ही शहरांत हल्ली शांती विकायला निघालेले काही जण आहेत. या, प्रार्थना करा, नोकरी लागेल, आजार जाईल, नवऱ्याची दारू सुटेल, कर्ज फिटेल. आणि नाही झालं तर? "तुमचा विश्वास कमी पडला." हे वाक्य मी स्वतः ऐकलंय. २०२० च्या जूनमध्ये माझे वडील कोविडमध्ये गेले. दवाखान्याच्या आत जाता आलं नाही, तोंड बघता आलं नाही. घरी आम्ही चौघं गुडघ्यावर होतो. नंतर एका फिरत्या उपदेशकाने फोनवर आईला सांगितलं, घरात कोणाचा तरी विश्वास डळमळला असेल. आई दोन दिवस जेवली नाही. चाळीस वर्षं रविवार न चुकवलेली बाई ती!

म्हणून स्पष्ट बोलतो. जो विश्वास दुःखात असलेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक ओझं ठेवतो, तो ख्रिस्ताचा नव्हे. तो धंदा आहे. येशूने शिष्यांना शांतीचा शब्द दिला तो अटकेच्याच रात्री. दुसऱ्या दिवशी क्रूस होता आणि तो टळला नाही. पौलाने फिलिप्पैकरांना मनाच्या शांतीबद्दल लिहिलं ते तुरुंगातून. त्या पत्रात सुटकेची गॅरंटी नाही. संकट टळेल असं ज्यांनी कधी सांगितलंच नाही, त्यांच्या नावावर आपण संकट टाळायचं दुकान कसं उघडतो?

मग टिकणारी शांती असते तरी का? असते. त्यासाठी लांब जायला नको, आपल्या मराठीतच बघा.

पंडिता रमाबाई. जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं, त्या काळात! १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. भाऊ आणि ती पायी देश फिरत कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. १८८० ला भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न, आणि १८८२ ला नवराही गेला. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर लहानगी मनोरमा. १८८३ साली इंग्लंडमध्ये तिने बाप्तिस्मा घेतला.

आता इथे बरेच जण गोष्ट संपवतात. बाप्तिस्मा झाला, शांती मिळाली, टाळ्या. रमाबाईंनी स्वतः तसं सांगितलेलं नाही. आपल्या आत्मकथनात त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंय की धर्म आपल्याला मिळाला होता, पण ख्रिस्त सापडायला पुढे जवळजवळ आठ वर्षं लागली. आठ वर्षं! एवढी मोठी विदुषी, बायबल मूळ भाषांतून वाचण्यासाठी हिब्रू-ग्रीक शिकणारी, तिला आठ वर्षं. आणि आपल्याला एका शुक्रवारच्या सभेत सगळं हवं.

बरं, शांती मिळाल्यावर रमाबाई गप्प बसल्या का? १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, बेवारस मुली-बायकांना घेऊन आल्या. दौंड तालुक्यातल्या केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. कर्जतवरून पुणे गाठा, पुढे दौंडची गाडी पकडा, आजही ते तिथे आहे. शिक्षण, शेती, विणकाम, छापखाना. बायका खिळे जुळवून पुस्तकं छापायच्या. १८९७ ला पुण्यात प्लेग होता, तेव्हा सरकारी प्लेगव्यवस्थेत बायका-मुली सुरक्षित नाहीत म्हणून रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये जाहीर पत्र लिहिलं. त्यांच्याकडची एक मुलगी त्या व्यवस्थेत हरवली होती. गव्हर्नर सँडहर्स्टसाहेबांनी आरोप फेटाळले. सत्ताधारी ख्रिस्ती, बाई ख्रिस्ती, तरी बाई गप्प बसली नाही.

म्हणून २० ऑगस्टबद्दल मला विचारणाऱ्यांना माझं उत्तर हे. दगडफेक मला मान्य नाही, तेव्हाही नव्हती. पण लेकरांसाठी आवाज उठवणं हे शांतीच्या विरुद्ध नाही. ज्याच्या मनात शांती आहे तोच न घाबरता आणि न पेटता आवाज उठवू शकतो. तक्रार नोंदवायला आईबापांबरोबर जाणं, शाळेत पालकसभेत उभं राहून प्रश्न विचारणं, सहा महिन्यांनी सगळे विसरले तरी पाठपुरावा करणं, याला राग पुरत नाही. राग दोन दिवसांत थकतो.

दुसरी बाई लक्ष्मीबाई टिळक. नवरा कवी नारायण वामन टिळक. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग गेल्या नाहीत. काही वर्षं वेगळ्या राहिल्या. लोकांचे टोमणे, नातेवाइकांचा आधार आणि जाच दोन्ही. पुढे एकत्र आल्या तरी आपला धर्म आणि सोवळं सांभाळून राहिल्या. स्वतःच्या मनाने जात-पात, शिवाशिव यांचा विचार करत करत त्या तिथे पोचल्या आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. कोणी आमिष दाखवलं नाही, कोणी ओढलं नाही. त्यांचं 'स्मृतिचित्रे' वाचा. एवढं सोसलेली बाई इतकी मिश्कील कशी लिहू शकते, हा प्रश्न पडतोच. माझ्या मते तो मिश्कीलपणा हाच तिच्या शांतीचा पुरावा. १९१९ ला टिळक गेले, तरी त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' बाईंनी पुढे नेलं. शाळेत फारसं न शिकलेल्या बाईने!

हे सांगायचं आणखी एक कारण. सध्या धर्मांतराच्या नावाने बरीच गरमागरमी आहे. मी म्हणतो, जबरदस्तीने किंवा आमिष दाखवून केलेलं धर्मांतर चूकच. त्याने तर शांती मुळीच मिळत नाही. पण प्रत्येक प्रार्थनेकडे संशयाने बघू नका. कोपऱ्यावरच्या खोलीत दहा बायका डोळे मिटून रडतात, तेव्हा त्यांचं घर बघा. तिथे काय जळतंय ते बघा. आणि हिंमत असेल तर विझवायला या.

तुम्ही म्हणाल, मग काय, शांती फक्त तुमच्याच देवाकडे? आमच्या मजल्यावरच्या काकू दरवर्षी आषाढीला जातात आणि येतात तेव्हा चेहरा उजळलेला असतो. खालचे दादा रोज बुद्धविहारात बसतात. कॅम्पात दरबारात सेवा करणारे सिंधी काका आहेत. त्यांच्या आत काय आहे याचं माप घ्यायचा मला अधिकार नाही. मी साक्ष देऊ शकतो ती माझीच. वडील गेल्यानंतर दीड वर्ष माझी प्रार्थना म्हणजे नुसतं भांडण होतं. 'का' याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही. पण जो स्वतः क्रूसावर ओरडला, त्याच्याशी भांडता येतं, एवढं कळलं. आणि भांडता भांडता एक दिवस लक्षात आलं की झोप लागायला लागली आहे. चमत्कार म्हणावा एवढं मोठं काही घडलं नाही. झोप लागली आणि सकाळी उठून शेजाऱ्याच्या ऑक्सिजनसाठी फोन फिरवता आले. माझ्यासाठी शांती ही एवढी आणि एवढीच मोठी आहे.

आता कामाचं. आमच्या मंडळ्यांना चार गोष्टी सांगतो, बाकीच्यांनाही चालतील.

एक, ज्याला झोप नाही, जीव नकोसा वाटतो, त्याला फक्त 'प्रार्थना कर' म्हणून सोडू नका. प्रार्थना कराच, आणि डॉक्टरकडेही न्या. टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, नंबर १४४१६, फोन फुकट. हा नंबर चर्चच्या फलकावर लावा, मंदिराच्या आणि विहाराच्याही लावा. गोळी घेतली म्हणून विश्वास कमी होत नाही.

दोन, जुलै आला की उल्हास नदी आपल्याला शोधत येते. चर्चच्या, शाळेच्या, मंडळाच्या खोलीची किल्ली कोणाकडे आहे, कोरडी चादर कुठे आहे, एकटी म्हातारी माणसं कोणत्या इमारतीत आहेत, ही यादी मे महिन्यातच करा. महालक्ष्मी अडकली तेव्हा एनडीआरएफ, नौदल आले आणि आसपासचे गावकरीही धावले. गाडीतल्या कोणाचीही जात विचारायला वेळ नव्हता. तो दिवस मला उपासनेसारखा वाटतो.

तीन, नदीपात्रात भराव पडत असेल, वालधुनीत रसायन सुटत असेल, तर 'देवाची इच्छा' म्हणू नका. ती देवाची इच्छा नाही, माणसाची लबाडी आहे. अर्ज करा, पोच घ्या.

चार, दुःखाच्या घरी गेलात तर कमी बोला. उपदेश तर नकोच. आमच्या घरी त्या जूनमध्ये एक शेजारीण दारात रोज डबा ठेवून जायची, बेल वाजवून लांब उभी राहायची. तिने बायबल कधी उघडलेलं नाही. पण आईने दोन दिवसांनी पहिला घास खाल्ला तो तिच्या डब्यातला.

पाऊस पडेल, गाडी लेट होईल, हप्ता चुकेल, माणसं जातील. यातलं काहीच थांबणार नाही, असं मला वाटतं. पण आतून सावरलेली माणसं एका इमारतीत दोन जरी असली तरी ती इमारत उभी राहते. त्या दोघांत आपण असावं, एवढीच माझी प्रार्थना.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण जरा प्रेमाने. आणि तुमच्या इमारतीत सध्या कोणाला डब्याची गरज असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. नाव गाव बाहेर जाणार नाही.